गुण पाल्याचा की हाताचा

भुईआवळी ही काही लपवून ठेवावी अशी वनस्पती नव्हे. पाऊसपाणी बरं झालं की नळदुर्गाच्या आसपास बांधावर, उकिरड्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणात, जिथं जागा मिळेल तिथं ती उगवते. वीतभर उंची, बारीक पानं आणि पानांच्या खालून ओळीनं लटकलेले मोहरीपेक्षा थोडे मोठे आवळे. शेळ्यासुद्धा तिला फारशा विचारत नाहीत. ती काविळीवर देतात हेही पंचक्रोशीत शेंबड्या पोराला ठाऊक. मग जी वनस्पती सगळ्यांच्या बांधावर आहे, ती घेण्यासाठी लोक दर बुधवारी आणि रविवारी सकाळी अनशापोटी अयोध्याबाईंच्याच ओट्यावर येऊन का बसत?

लोकांकडं याचं उत्तर तयार होतं. "पाला काय, कुटंबी घावतोय. हाताला गुण पायजे."

हा गुण अयोध्याबाईंकडं सासूकडून आला होता. सासू दगडाबाई. एका रविवारी ज्वारी पाखडता पाखडता त्या थोरल्या सुनेला म्हणाल्या, "बुधवारपस्नं तूच देत जा. माझं मनगट धरलंय." बुधवारी सून पाट्यावर बसली, ती बसलीच. त्याला आता तीस वर्षं होत आली. पैसा घ्यायचा नाही, कुणाला परत पाठवायचं नाही, आणि ज्याला उलट्या होतात किंवा ज्याच्या पायावर सूज आहे त्याला ओट्यावर न बसवता थेट दवाखान्यात धाडायचं, हे सासूचे तीन नियम अयोध्याबाईंनी कधी मोडले नाहीत.

या कीर्तीचा एक तोटा होता आणि तो त्यांच्या एकटीच्या वाट्याला आला होता. बुधवार गेला की रविवार येई, रविवार गेला की बुधवार. माहेरी असो की लग्नाला, त्यांचा मुक्काम कधी तीन रात्रींच्या पुढं गेला नाही. लेक दीपमाला हैदराबादला दिलेली. तिच्या पहिल्या बाळंतपणाला अयोध्याबाई गुरुवारी गेल्या, शनिवारी परत आल्या आणि मूल सोमवारी झालं. दीपमालानं त्यावरून आईला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आता दुसरी खेप होती. डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला होता. पोळ्याच्या सुमारास तिचा फोन आला.

"आई, मला तिकडं येता येत न्हाय. तूच ये. अन् ह्या खेपेला सव्वा महिना राहा."

"बघते गं."

"तू बघते म्हणलीस की मला कळतंय, आई."

अयोध्याबाईंनी फोन ठेवला आणि स्वतःच्या उजव्या तळव्याकडं बघत बसल्या. हे त्या अधूनमधून करत. तळवा चारचौघींसारखाच होता. भाकरी थापून कडक झालेला, करंगळीजवळ विळ्याचा जुना वण. यात असं काय आहे? आणि काही नसेल तर मी इतकी वर्षं इथं खुंट्याला का बांधलेली आहे? त्यांचे मालक बलभीम शेजारी अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "सोपं हाय. हात हितं ठिवून जा, बाकीची तू जा हैदराबादला."

"तुमाला सगळं सोपंच हाय," अयोध्याबाई म्हणाल्या.

याच दिवसांत बांधावर समृद्धी दिसली. समृद्धी म्हणजे धाकट्या जावेची, प्रेमाबाईंची मुलगी. नळदुर्गच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती, शेवटचं वर्ष. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं भुईआवळी मुळासकट उपटत होती.

"काय करलालीस गं? कुणाला झाली कावीळ?"

"कुणाला न्हाय, मोठीआई. प्रोजेक्टला पायजे. यातलं अँटिऑक्सिडंट बाहेर काढायचं हाय."

"त्ये काय असतंय?"

समृद्धीनं जरा विचार केला. "वांगी चिरली की आपण पाण्यात का टाकतो?"

"काळी पडत्यात म्हणून."

"हवा लागून काळी पडत्यात. आपल्या अंगातबी आतल्या आत असंच कायबाय खराब व्हत राहतंय. त्याला अडवणारी द्रव्यं झाडपाल्यात असत्यात. ह्यात किती हायेत, अन् कशानं चांगली निघत्यात, ते कॉलेजच्या मशिनीवर बघायचं."

"म्हंजे कावीळ कशानं बरी होती त्ये कळणार?"

"न्हाय हो. ते लई मोठं काम. ते डॉक्टर लोकांनी शेकडो रोग्यांवर तपासावं लागतंय. लई जणांची कावीळ तर आरामानं अन् पथ्यानं आपली आपणच बरी होती."

दुसरी एखादी असती तर या बोलण्यावर फणकारली असती. अयोध्याबाईंना उलट हुरूप आला. पोरगी जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणते, म्हणजे जे माहीत आहे म्हणेल त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्यांनी पदर खोचला, तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि इतकी वर्षं कुणाला न विचारलेलं विचारलं.

"पाल्यात काय हाय ते तुझ्या मशिनीला कळतंय. मग हातात काय हाय ते कळंल का?"

समृद्धी हसली. मग हसायची थांबली. "कळंल की," ती म्हणाली. आणि दोघी तिथंच बांधावर बसून बेत आखायला लागल्या.

बेत सरळ होता. एकाच बांधावरची, एकाच सकाळी उपटलेली भुईआवळी. तिचे दोन सारखे वाटे. एक वाटा अयोध्याबाईंनी नेहमीसारखा पाट्यावर वाटायचा. दुसरा प्रेमाबाईंनी मिक्सरमधून काढायचा, कारण प्रेमाबाईंच्या हाताला गुण असल्याची अफवा आजवर कुणीही उठवलेली नव्हती. शिवाय त्यांचा त्यांच्या मिक्सरवर फार जीव. शेंगदाण्याच्या कुटापासून मेंदीच्या पाल्यापर्यंत सगळं त्यातून निघे. समृद्धीला त्या मिक्सरचीच धास्ती होती. तिनं ते भांडं तीनदा घासलं, गरम पाण्यानं धुतलं, स्पिरिटनं पुसलं आणि उन्हात पालथं घातलं. पाट्याकडं कुणी संशयानं बघितलंसुद्धा नाही.

"मोठीआई, वाटताना तुम्ही काय मिसळता? ताक, मीठ, काही?"

"ताक मागनं, पिणाराला देताना. वाटताना काई न्हाय. पाणीसुदीक न्हाय."

आणि अयोध्याबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

दोन्ही लगदे प्रेमाबाईंच्या माडीवर सावलीत वाळले. उन्हात का नाही, असं अयोध्याबाईंनी विचारलं, तर उन्हानं द्रव्य मरतं असं कळलं. वाळल्यावर दोन्हींची पूड सारख्या वजनानं घेऊन समृद्धीनं ती पाणी आणि स्पिरिटच्या मिश्रणात भिजत घातली.

"दारूत भिजवलीस व्हय गं माझं औषध?"

"दारू न्हाय, तिची बहीण. काही द्रव्यं नुसत्या पाण्यात उतरत न्हाईत, हिच्यात उतरत्यात."

"मग माझ्या ताकात ती उतरत नसतील."

"ते बघायला पायजे," समृद्धी म्हणाली, आणि खरंच तिनं तेही मनात टिपून ठेवलं.

अर्कांच्या परीक्षेच्या दिवशी अयोध्याबाई इरकल नेसून कॉलेजात गेल्या. प्रयोगशाळेत कसला तरी उग्र वास होता, भिंतीला टेकून काचेची कपाटं होती. समृद्धी पांढरा डगला घालून आली तेव्हा क्षणभर ओळखूच येईना. तिनं गाळणकागदातून दोन्ही अर्क गाळले. दोन्ही हिरवट तपकिरी, डोळ्याला काही फरक नाही. मग तिनं एक बाटली काढली. आतलं पाणी जांभळाच्या रसासारखं गडद.

"हे द्रव्य लई तापट असतंय, मोठीआई. त्याला काहीतरी कमी असतंय अन् ते दुसऱ्याकडनं हिसकायला टपलेलं असतंय. अँटिऑक्सिडंट त्याला ते देऊन टाकतंय. मग हे गप बसतंय अन् जांभळा रंग जातो."

"रडणाऱ्या लेकराच्या हातात गुळाचा खडा," अयोध्याबाई म्हणाल्या.

"तसंच. जो अर्क जास्त रंग घालवंल, त्यात द्रव्य जास्त."

तिनं नळ्यांमध्ये जांभळं पाणी घेतलं, त्यात अर्काचे थेंब सोडले आणि नळ्या कपाटात अंधारात ठेवल्या. उजेडानंही तो रंग उडतो म्हणे. अर्धा तास थांबायचं होतं. अयोध्याबाई स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसल्या. आपल्याला काय व्हायला हवंय हे त्यांना कळेना. पाल्यात गुण निघाला तर दुसरी कुणीही औषध देऊ शकेल आणि आपण दीपमालाकडं सव्वा महिना राहू. हातात निघाला तर... तर आपल्या हातात खरंच काहीतरी होतं, हे मरायच्या आधी कळेल. आशा दोन्हींची होती आणि दोन्ही काही एका नळीतून निघणार नव्हत्या.

कपाट उघडलं. मिक्सरच्या नळीत जांभळा रंग फिका झाला होता, पण होता. पाट्याच्या नळीत तो उरलाच नव्हता. नुसतं पिवळसर पाणी.

"अगं बाई!" हे अयोध्याबाई नव्हे, समृद्धी म्हणाली. तिनं नळ्या मशिनमध्ये घातल्या, आकडे बघितले, पुन्हा घातल्या. मग शास्त्र, डगला सगळं विसरून तिनं मोठ्या आईला मिठी मारली. "हात हाय, मोठीआई! तुमच्या हातात खरंच कायतरी हाय!"

अयोध्याबाईंना अभिमान वाटला. लपवण्यात अर्थ नाही, भरपूर वाटला. प्रयोगशाळेच्या पायऱ्या त्या पोरीच्या आधी उतरल्या. पण स्टँडवर येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, आता कुठंच जाता येणार नव्हतं.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "दीपे, मशिनीनं सांगितलं गं. हातातच हाय."

 मग दीपमाला म्हणाली, "बरं. जेवलीस का?" आणि थोड्या वेळानं तिनंच फोन ठेवला.

बातमी गावात नेण्याचं काम बलभीमरावांनी केलं आणि मनापासून केलं. न्हाव्याकडं एकदा सांगितल्यावर दुसरीकडं सांगायची गरज नसते, तरी त्यांनी ती तीन ठिकाणी सांगितली. कॉलेजच्या मशिनीत अयोध्येचा हात पास झाला. पुढच्या रविवारी ओटा भरून अंगणात सतरंजी टाकावी लागली. हायवेवरच्या ढाब्याचा मालक महालिंगप्पा त्याच दिवशी पहिल्यांदा आला. अंगापिंडानं दांडगा माणूस, डोळे मात्र पिवळेधमक. दवाखान्यानं आराम सांगितला होता, गोळ्या चालू होत्या, तेल-तिखट बंद होतं आणि स्वतःच्याच ढाब्यावर तो भात आणि ताक खात होता. "अव्वा," कन्नड वळणाच्या मराठीत तो म्हणाला, "डॉक्टर डॉक्टरचं काम करू दे. हात मात्र तुमचाच पायजे."

या सगळ्या जल्लोषात एकटी समृद्धी गप्प होत चालली होती. तिच्या सरांनी आकडे बघून एवढंच म्हटलं होतं, "छान. पुन्हा कर." तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. पण पाट्याचा अर्क गाळलेल्या कागदाला वाळल्यावर कडेनं एक पिवळी झालर येत होती, आणि मिक्सरच्या कागदाला येत नव्हती. हाताचा गुण पिवळा असतो का? असला तर तो कागदाला डाग पाडतो का? बुधवारी सकाळी ती उठली आणि औषध घेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसली.

अयोध्याबाईंनी पाटा धुतला, वरवंटा धुतला. मग कोनाड्यातल्या करंड्यातून चांगली पाच बोटांची हळद उचलून पाट्यावर आडवी ओढली, वर कुंकवाचं बोट टेकवलं, हात जोडले, आणि त्यावरच पाल्याचा मुटका ठेवून वाटायला लागल्या.

"मोठीआई! थांबा! हे काय?"

"काय म्हंजे?"

"हळद!"

"मग? पाट्याला हळद लावल्याबिगर औषध वाटत्यात व्हय कुठं?"

"पण तुम्ही तर म्हणाला, काही मिसळत न्हाय!"

"न्हायच मिसळत," अयोध्याबाई शांतपणे म्हणाल्या. "हळद पाट्याला लावली, औषधात कुठं घातली?"

रांगेतल्या कुणालाच यात वावगं दिसलं नाही. समृद्धीनं कपाळाला हात लावला. पाट्यावरची ती पूजा पहिल्याच घासणीला पाल्यात उतरत होती, हिरव्यात पिवळं लपत होतं, आणि हळदीत तर तेच द्रव्य ठासून भरलेलं. जांभळा रंग कुणी खाल्ला होता ते आता कळलं. तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. कागदाची झालर काही खोटं बोलली नव्हती.

"पुन्हा करू," ती म्हणाली. "आता चार भाग. तुमच्या हातचं हळदीसकट अन् बिनहळदीचं. आईच्या हातचंबी तसंच."

"बिनहळदीचं मी वाटायचं?"

"एकदाच."

अयोध्याबाईंनी पाट्याला वाकून कायतरी पुटपुटून घेतलं. चूक पदरात घे, पोरीच्या अभ्यासासाठी करते, असं काहीसं. मग कोरड्या, बोडक्या पाट्यावर पाला वाटला. वाटताना त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. शेजारी प्रेमाबाईंनी मिक्सरच्या भांड्यात पाट्याला लावतात तेवढीच हळद मोजून टाकली आणि बटण दाबलं.

दुसऱ्यांदा कपाट उघडलं तेव्हा अयोध्याबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून दिसत होतं. हळदीच्या दोन नळ्या सारख्या पिवळ्या होत्या. बिनहळदीच्या दोन नळ्यांत जांभळट झाक राहिली होती, आणि तीही दोन्हींत सारखी. समृद्धीनं मशिनचे आकडे दोनदा ताडून बघितले.

"म्हंजे हातात काई न्हाय," शेवटी अयोध्याबाईच म्हणाल्या.

"पाल्यात हाय, मोठीआई. चांगलं भरपूर हाय. हातानं वाटा न्हायतर मिक्सरनं."

अयोध्याबाई मोठ्यानं हसल्या. इतकं हसल्या की शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली. तीस वर्षं! तीस वर्षं बुधवार-रविवार, आणि प्रेमाच्या मिक्सरला तेवढंच जमतंय! हसता हसता त्या स्टँडपर्यंत आल्या, चहा सांगितला, आणि कप तोंडाला लावताना हसू कुठं गेलं ते कळलं नाही. आयाबायांनी हा हात डोळ्यांना लावला होता. म्हाताऱ्या माणसांनी तो धरून ठेवला होता. वाईट वाटायला नको होतं, उलट सुटका झाली होती, आणि तरी फार वाईट वाटत होतं. या वाईट वाटण्याचाच त्यांना राग आला. त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि फोन लावला.

"दीपे, येते मी. सव्वा महिना."

या वेळी दीपमालानं जेवणाचं विचारलं नाही. लेक रडत होती.

मग अयोध्याबाईंनी प्रेमाबाईंना शेजारी बसवून सगळं शिकवलं. कोवळा पाला कुठला, जून कुठला, किती ताकात किती, कुणाला बसवायचं आणि कुणाला दवाखान्यात धाडायचं. प्रेमाबाई हुशार होत्या, एका दमात शिकल्या. हळदीचं काय करायचं यावर जावाजावांची बरीच चर्चा झाली आणि हळद लावायचीच असं ठरलं. समृद्धीनंही नको म्हटलं नाही.

निघायचा दिवस रविवार आला. हैदराबादची गाडी नळदुर्गला दहाला होती. दाराशी बॅग तयार, बलभीमरावांनी मोटरसायकल पुसून ठेवलेली. ओट्यावर आठदहा माणसं बसली होती आणि पाट्यावर प्रेमाबाई. त्यांनी पहिली वाटी भरून पुढं केली. पुढं महालिंगप्पा होता. डोळ्यांचा पिवळेपणा आता उतरत आला होता. त्यानं वाटीकडं बघितलं, प्रेमाबाईंकडं बघितलं आणि हात मांडीवरच ठेवले.

"अव्वा देत न्हाईत?"

"अव्वा गावाला निघाल्यात. मी देते."

"मग अव्वा आल्यावर येतो," तो नम्रपणे म्हणाला. मागच्या दोघीतिघी पिशव्या उचलून उठायच्या बेतात आल्या.

अयोध्याबाई दारातून पुढं झाल्या. "अप्पा, बसा. पाला त्योच हाय. ताक त्येच हाय. गुण पाल्यात हाय, हातात न्हाय. मशिनीनं सांगितलंय."

"मशिनीनं हातात हाय म्हणून सांगितलं, अव्वा. सगळ्या हायवेला ठावं हाय."

"ते हळदीमुळं झालं," समृद्धी म्हणाली, आणि तिनं नळ्या, जांभळा रंग, चार भाग सगळं नीट समजावून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. शिकलेल्या पोरीचं बोलणं मधे तोडू नये एवढी रीत सगळ्यांना होती.

"हळद तर लावायलाच पायजे की," एक म्हातारी म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि पुन्हा सगळ्यांनी अयोध्याबाईंच्या हाताकडं बघितलं.

अंगणात बलभीमरावांनी गाडीला किक मारली. अयोध्याबाई बॅगेकडं बघत उभ्या राहिल्या. आज बसलं तर ही माणसं औषध घेतील. आज बसलं की बुधवारीही बसावं लागेल, आणि तिकडं लेक पुन्हा म्हणेल, बरं, जेवलीस का.

त्यांनी ओट्याच्या कडेचा पाण्याचा तांब्या उचलला.

"प्रेमा, उठ. पूर्वेला तोंड कर. ओंजळ धर."

प्रेमाबाई गोंधळून उभ्या राहिल्या. अयोध्याबाईंनी आपला उजवा हात त्यांच्या ओंजळीवर धरला आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागल्या. असं कधी कुणी केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. शब्द तोंडाला येतील तसे येत होते.

"सासूबाईंनी मला दिलेलं, म्या तुला देते. माझ्या हाताचा सगळा गुण तुझ्या हातात. उदक सोडते. आजपस्नं माझ्या हातात काई न्हाय."

आणि डाव्या हातानं त्यांनी तांब्यातलं पाणी आपल्या तळव्यावरून ओतलं. बोटांवरून ओघळत ते खालच्या ओंजळीत पडलं, ओंजळ भरली, सांडली, पाणी जमिनीत जिरलं.  उदक सोडलं म्हणजे दिलं, आणि दिलेलं परत घेता येत नाही, हे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हातारीनं हात जोडले.

निकाल प्रेमाबाईंनाही माहीत होता. चारही नळ्यांचा. तरी त्यांचा चेहरा बदलला आणि त्या अयोध्याबाईंच्या कानाशी लागल्या. "अक्का, खरंच कायतरी आलं हो हातात. कोमट लागलालंय."

तांब्या सकाळपासून उन्हात होता. अयोध्याबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत.

प्रेमाबाई पाट्यावर बसल्या. महालिंगप्पा आता पुढं सरकला. दोन्ही हात त्यानं वाटीखाली धरले, वाटी कपाळाला लावली. मागच्या बायकांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि रांग सरळ झाली. अयोध्याबाई अजून तिथंच, पाटा आणि रांगेच्या मधे उभ्या होत्या. महालिंगप्पानं वर बघितलं.

"अव्वा, जरा सरकता का," तो आदरानंच म्हणाला. "मागच्यास्नी दिसंना झालंय."

अयोध्याबाई सरकल्या. कुणी वळून बघितलं नाही. सगळ्यांच्या नजरा प्रेमाबाईंच्या हातावर होत्या.

समृद्धीनं बॅग उचलली आणि दोघी अंगणातून निघाल्या. मोटरसायकलजवळ आल्यावर पोरीनं मोठ्या आईच्या तोंडाकडं बघितलं.

"मोठीआई, रडलालाव व्हय?"

"न्हाय गं." मग त्यांनी ओल्या हाताची मूठ एकदा मिटली, उघडली. "जे नव्हतंच ते देऊन टाकलं, अन् हात रिकामा लागायलाय. तुझ्या मशिनीत ह्याचं काई कळतंय का?"

समृद्धीनं नीट विचार केला. "न्हाय," ती म्हणाली.

"मग दे ती बॅग. गाडी चुकंल."